लाल पुठ्ठा

चिखलकाका जेवायला येणार म्हटल्यावर घरातल्या तिघीजणी सकाळपासून एकमेकींशी फार गोड बोलत होत्या. ह्या घरात बायकांनी गोड बोलणं हे काही चांगलं लक्षण नव्हतं. कुठेतरी काहीतरी शिजत असलं की आधी भाषा मऊ व्हायची.

"आई, तुम्ही बसा ना जरा. माशांकडे मी बघते," सून म्हणाली.

"तूच बस गं. आठवडाभर दुकानात उभी असतेस," सासूबाई म्हणाल्या.

"दोघीही बसा आणि तोंडं सरळ करा," अक्का दारातून म्हणाली. अक्का म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण, निवृत्त नर्स. उभ्या आयुष्यात तिने कोणाला हळू आवाजात इंजेक्शन दिलेलं नव्हतं. "तो येतोय. चेहऱ्यावरून आत्ताच चोऱ्या केल्यासारख्या दिसताय."

सासरे आत आले. शर्टाची बाही दुमडलेली, खिशात पेन, पायात घरातसुद्धा जाड तळव्याचे बूट. त्यांनी गॅसच्या बटणाला हात लावून पाहिला, खिडकीची कडी पाहिली, ओट्याखाली वाकून पाहिलं, आणि मग पाठीमागे हात बांधून उभे राहिले.

"हं. आजचे धोके सांगा."

"गरम तेल," सासूबाई म्हणाल्या.

"माशाचे काटे," सून म्हणाली.

"तू," अक्का म्हणाली.

सुनेच्या हातातला झारा कढईच्या काठावर वाजला.

"अक्का, माणूस हा धोका नसतो," सासरे शांतपणे म्हणाले. "परिस्थिती धोकादायक असते."

"मग तू घरी आहेस ही परिस्थिती."

मग सासरेच मोठ्याने हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, आणि बहिणीच्या पाठीवर थाप मारून बाहेर गेले. त्यांना तो विनोद वाटला. सुनेला वाटलं, आता ह्यापेक्षा ते रागावले असते तर बरं झालं असतं.

कारण गुन्हेगार तीच होती. फोन तिच्या मोबाइलवरून गेला होता.

तेलविहिरींवर सासऱ्यांचा सगळा जन्म गेला. समुद्रातल्या रिगवर महिनाभर, मग घरी महिनाभर, हे चक्र लग्नाच्या आधीपासून चाललेलं. त्यामुळे ह्या घरात दोन राज्यं होती. ते नसताना सासूबाईंचं राज्य: दुपारी चहा दोनदा, कपडे वाळले की वाळले, दार नुसतं लोटलेलं. ते असताना त्यांचं: सगळं वेळेवर, सगळं तपासून, जेवणाआधी प्रार्थना आणि प्रार्थनेआधी हात धुतलेले. दोन्ही राज्यं सगळ्यांना आवडायची, कारण कुठलंही एक राज्य संपणार आहे हे माहीत असायचं. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले आणि दुसरं राज्य कायमचं आलं.

वाईट काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. माणूस प्रेमाने करत होता. विहिरीवर शंभर माणसं जिवंत घरी पाठवायची सवय, आता ती सगळी काळजी ह्या पाच जणांच्या वाट्याला आली. बल्ब बदलायचा तर डोक्याला हेल्मेट. माळ्यावर चढायचं तर आधी त्यांची परवानगी आणि शिडीला धरणारा एक जण. स्वयंपाकघराचा ताबा एकीकडून दुसरीकडे जाताना कुठल्या पातेल्यात काय आहे आणि काय उतू जाण्याच्या बेतात आहे, हे समोरासमोर उभं राहून सांगायचं. आणि जी वस्तू धोकादायक, तिला दोऱ्याने लाल पुठ्ठा बांधायचा: वापरू नये.

त्यातच त्यांनी नातीला, मुंगीला, रिगवरचा सगळ्यात मोठा अधिकार देऊन टाकला. तिकडे म्हणे झाडू मारणाऱ्यालासुद्धा हात वर करून "काम थांबवा" म्हणता येतं आणि साहेबालाही थांबावंच लागतं. अट एकच, काय धोका दिसला ते सांगायचं. पहिलीतल्या पोरीच्या हातात असा अधिकार देऊ नये. मुंगीने त्याच आठवड्यात आंघोळ थांबवली ("धोका: साबण डोळ्यात जाईल"), अभ्यास थांबवला ("धोका: पेन्सिलीला टोक आहे") आणि शाळेत बाईंची कविता मधोमध थांबवली. बाईंचा निरोप आला तेव्हा आजोबा भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "बघा! पोरीला भीड नाही."

एवढं सगळं सासूबाईंनी सोसलं. मग एक दिवस त्यांच्या स्टुलाला लाल पुठ्ठा आला.

ते बुटकं लाकडी स्टूल त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासूनचं. खिडकीपाशी त्यावर बसून त्या केस विंचरायच्या, भाजी निवडायच्या, आणि नवरा समुद्रात असला की संध्याकाळी नुसत्याच बसायच्या. एक पाय आखूड होता, म्हणून ते डुगडुगायचं. त्या दिवशी सासूबाईंनी पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि उभ्यानेच वेणी घातली. संध्याकाळी सुनेला म्हणाल्या, "त्या चिखलवाल्याचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?"

चिखलवाला म्हणजे सासऱ्यांचा जुना सोबती. विहीर खोदताना आत जो दाट चिखल सोडतात, तो कालवण्यात त्याची हयात गेली. कंपनीला तिकडच्या नव्या पोरांना शिकवायला जुनं माणूस हवं आहे, हे त्यानेच मागे बोलता बोलता सांगितलं होतं. सुनेने नंबर लावून दिला. सासूबाई फोन कानाला लावून नुसत्याच उभ्या राहिल्या, म्हणून शेवटी सुनेनेच बोलणं केलं.

"अगं पोरी, मी त्याला दोनदा विचारलं," चिखलकाका म्हणाले. "दोन्ही वेळा नाही म्हणाला. म्हणतो, एवढी वर्षं घराला अर्धा मिळालो, आता पूर्ण मिळायला हवा. त्यांना माझी गरज आहे."

सुनेने हे सासूबाईंना सांगितलं नाही. सांगणार कसं? ज्या माणसाने आपल्यासाठी समुद्र सोडला, त्याला आपण घराबाहेर काढायला निघालो आहोत, हे त्याला कळलं तर तो हसेल, पाठीवर थाप मारेल, आणि मग कधीही कुठल्याही गोष्टीला लाल पुठ्ठा बांधणार नाही. ते तिला बघवलं नसतं.

आणखी एक गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती. तिचे वडील लवकर गेले. ह्या घरात आल्यावर "बाबा" हा शब्द तिने पुन्हा वापरायला काढला तो ह्या माणसासाठी. त्यामुळे ह्या कटात तिचा हात होता आणि मन नव्हतं.

बेत साधा होता. चिखलकाका जेवताना पुन्हा विषय काढणार. सासूबाई म्हणणार, जा हो, आमचं होईल कसंतरी. अक्काने थोडं रडायचं. नवऱ्याने, म्हणजे सुनेच्या नवऱ्याने, फक्त मान हलवायची. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि दिवसभर गिऱ्हाईकाला "हे बरं दिसतंय का ते?" विचारून त्याला स्वतःचं मत असण्याची सवय राहिली नव्हती.

"मला जमेल," तो म्हणाला होता. "पण मला काही माहीत नव्हतं असं धरून चाला."

चिखलकाका आले. एवढा मोठा माणूस की दारातून आधी पोट आलं आणि मग आवाज.

"वहिनी! माशाचा वास जिन्यापासून येतोय. मी धावत आलो."

"तुम्ही? धावत?" अक्का म्हणाली. "जिना शाबूत आहे ना?"

टेबलाभोवती खुर्च्या मोजक्याच. एक माणूस वाढल्यावर एक खुर्ची कमी पडली. सगळे इकडेतिकडे पाहत असताना सासूबाई आत गेल्या आणि ते स्टूल घेऊन आल्या. लाल पुठ्ठा लटकत होता. त्यांनी ते टेबलापाशी ठेवलं, पदर सारखा केला आणि त्यावर बसल्या. स्टूल डुगडुगलं. पुठ्ठा हलला.

सासऱ्यांनी पाहिलं. त्यांच्या कपाळावरची फुगलेली शीर सुनेला दिसली.

"प्रार्थना," ते म्हणाले.

ही प्रार्थना त्यांच्या वडिलांपासूनची. दर रविवारी जेवणाआधी प्रत्येकाने आपल्या शब्दांत देवाशी बोलायचं, शेवटी "ऐक रे देवा" म्हणायचं, आणि नियम एकच: देवाशी बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही. म्हाताऱ्याने हा नियम मुलं जेवताना ताटं फेकून भांडायची म्हणून केला होता. परिणाम एवढाच झाला, की तेव्हापासून ह्या घराण्यात सगळी भांडणं प्रार्थनेत होऊ लागली.

सासऱ्यांनी हात जोडले. त्यांची प्रार्थना खरी असायची, डोळे घट्ट मिटलेले.

"देवा, टेबलाभोवती सगळी माणसं आहेत, हे मी किती वर्षं मागितलं. वादळात मागितलं, विहीर उसळली तेव्हा मागितलं. तू दिलंस. ह्या घराला माझी गरज आहे. ती पुरी करायला मला बळ दे. ऐक रे देवा."

सगळ्यांच्या माना ताटात गेल्या. माशांशिवाय कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं.

चिखलकाकांनी घसा साफ केला. "देवा, तू ह्याला घर दिलंस, छान केलंस. पण तिकडे पोरं कच्ची आहेत रे. परवा एकाने मला विचारलं, चिखल एवढा जड कशाला लागतो? विहिरीने उत्तर द्यायच्या आधी कोणीतरी माणसाने द्यायला हवं. पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस इकडे, एवढंच मागतोय. ऐक रे देवा."

"ह्याला माझं उत्तर दिलेलं आहे," सासरे म्हणाले.

"मी तुझ्याशी बोलत नव्हतो," चिखलकाका म्हणाले.

आता नवऱ्याची पाळी. त्याने मान हलवायची होती. त्याने हात जोडले, वडिलांकडे एक चोरटी नजर टाकली आणि म्हणाला, "देवा, वडील घरात असणं ह्यासारखं भाग्य नाही."

टेबलाखाली सुनेची टाच त्याच्या बोटांवर पडली.

"आई गं! म्हणजे, भाग्य आहे, पण... समुद्राची हवापण चांगली असते. म्हणजे दोन्ही बरं दिसतं. ऐक रे देवा."

"ह्याला दुकानातून सुट्टी द्या," अक्का पुटपुटली आणि तिने स्वतःचे हात जोडले. अक्काने रडायचं होतं, पण तिच्या चेहऱ्यावर रडण्याचं नामोनिशाण नव्हतं. हुरूप होता.

"देवा, तुझ्यापासून काय लपलंय? तू वरून सगळं बघतोस. कोण स्वयंपाकघरात कुजबुजतं, कोण कोणाचा नंबर मागतं, कोण कोणाला फोन..."

"काम थांबवा!"

मुंगी खुर्चीवर उभी होती. उजवा हात सरळ वर, जसा आजोबांनी शिकवला होता.

"ए, खाली बस!" अक्का ओरडली. "देवाशी बोलणाऱ्याला तोडायचं नसतं!"

"आजोबा म्हणाले, कोणीही, कधीही!"

"देवाच्या वेळी नाही!"

"कधीही म्हणाले!"

सगळे सासऱ्यांकडे वळले. इकडे बापाचा नियम, तिकडे विहिरीचा. आयुष्यभर ह्या दोन्हींपुढे माणूस वाकत आलेला, आणि दोन्ही एकाच ताटात येऊन बसलेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हळूच म्हणाले, "काम थांबलं. देव समजून घेईल, तो विहिरीवर माझ्याबरोबर असायचा. बोल बाळ. धोका काय?"

सुनेने मुलीकडे पाहिलं. डोळ्यांनी, भुवयांनी, ओठांनी, जेवढं म्हणून मानेच्या वर असतं त्या सगळ्याने तिने सांगून पाहिलं. पण मुंगी कामावर होती.

"अक्काआजी सांगेल आणि आजोबांना कळेल," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "की आईने चिखलकाकांना फोन केला की आजोबांना परत घेऊन जा."

चमचा पडला. कोणाचा, ते कोणी पाहिलं नाही.

"अहो, तिला म्हणायचंय की..." सासूबाई.

"बाबा, तसं नव्हतं..." नवरा.

"मी आधीच म्हटलं होतं..." अक्का.

"पंप बंद," सासरे म्हणाले.

हे सगळ्यांना माहीत होतं. विहिरीचा संशय आला की पंप बंद करायचा, हात मागे घ्यायचे आणि नुसतं बघायचं. काही न ढकलता ती आपण होऊन वाहू लागली, तर आत काहीतरी आहे. घरातल्या भांडणातही ते असंच करायचे: सगळ्यांनी गप्प बसायचं. मग आपण होऊन कोण बोलतं ते बघायचं.

खाली रस्त्यावर कोणाच्या तरी सायकलची घंटा वाजली. सासरे कोणाकडे रागाने बघत नव्हते, हेच वाईट होतं. ते ताटाकडे बघत होते, जणू ते चुकून दुसऱ्याच्या टेबलावर येऊन बसले आहेत आणि कोणी भिडेखातर सांगत नाही.

"सुनबाई," शेवटी तेच म्हणाले, फार हळू. "तू?"

आता बोलली असती तर अर्ध्यात रडू आलं असतं, किंवा अक्का मध्ये पडली असती, किंवा नवरा सारवासारव करायला धावला असता. सुनेने एकच जागा पाहिली जिथे तिला कोणी तोडणार नव्हतं. तिने हात जोडले.

"देवा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही, "फोन मी केला. मला शिक्षा कर. पण आधी मला एक सांग. मागच्या बुधवारी संध्याकाळी बाबा म्हणाले, मी सामुदायिक प्रार्थनेला जाऊन आलो. तू होतास ना तिथे? मग तुला माहीतच असेल. ते आले नव्हते."

सासऱ्यांची मान झटकन वर झाली. तोंड उघडलं. पण नियम त्यांच्याच बापाचा होता. तोंड मिटलं.

"ते कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत होते, जिथे पाण्यासाठी बोअर मारतायत. मी भाजी घेऊन येत होते. चिखलात घोट्यापर्यंत उभे होते. यंत्राच्या माणसाशी असे हातवारे करून बोलत होते, तसे आमच्याशी कधी बोलत नाहीत. मग खाली वाकले, वर आलेली माती हातात घेतली, चोळली, वास घेतला आणि..." तिला हसू आलं, ते रडण्याच्या बाजूने आलं. "आणि जिभेला लावली, देवा. तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. घरी आल्यावर म्हणाले, आज प्रार्थना फार छान झाली. त्यांचे बूट मी मागच्या नळावर धुतले, आईंच्या नजरेला पडू नयेत म्हणून. आम्हाला ते नको झालेत असं नाही रे. पण घराला माझी गरज आहे म्हणून ते इथे उभे, आणि त्यांना दुखवायला नको म्हणून आम्ही गप्प. कोणीतरी पंप बंद करायला हवा होता. ऐक रे देवा."

मग चिखलकाका पुढे झुकले. त्यांना राहवेना.

"चव काय होती?"

सासऱ्यांचे कान लाल झाले होते. साठी उलटलेला माणूस बिस्किटांच्या डब्यात हात घालताना सापडावा तसा.

"चिकणमाती," ते म्हणाले. "खाली थोडा चुना. ते गाढव फार जोरात खोदतंय. मी सांगितलं त्याला, भिंती ढासळतील. ऐकत नव्हता. मग ऐकलं."

"ऐकलं म्हणजे?" अक्का म्हणाली. "हेल्मेट घालायला लावलंस की काय बिचाऱ्याला?"

सासऱ्यांनी चष्मा पुन्हा पुसायला काढला, म्हणजे लावलं होतं.

हसण्याची पहिली उकळी सासूबाईंना फुटली. त्या एवढ्या हसल्या की स्टूल टकटक वाजायला लागलं. मग डोळे पुसत पुसतच त्यांनी हात जोडले.

"माझी पाळी राहिली. देवा, तरुणपणापासून मी तुझ्यामागे एकच भुणभुण लावली. माझा माणूस घरी येऊ दे. दर प्रार्थनेत. दर वादळात. तू वैतागून शेवटी दिलास. तुझे उपकार. पण खरं सांगू? मी जरा जास्तच मागितलं." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत लग्नातली मुलगी कुठेतरी अजून उभी होती. "मला ह्यांची वाट बघता येते. ती मला फार छान जमते. सकाळी उठून ह्यांचा बूट वाजायच्या आत घाबरणं मला जमत नाही. आल्याचा आनंद व्हायला माणूस आधी जावा लागतो रे. अर्धा महिना मला दे. पुरतो. अर्ध्यावर नेहमी भागलं. ऐक रे देवा."

सासरे उठले. सगळ्यांना वाटलं, आता बाहेर जाणार. सुनेचा हात आपोआप पुढे झाला. पण ते फिरून सासूबाईंच्या बाजूला आले आणि गुडघ्याचा कुरकुर आवाज करत खाली बसले. तिथूनच, जमिनीवर बसून, त्यांनी हात जोडले.

"देवा, बुधवारी खोटं बोललो. तुझं नाव घेऊन बोललो, त्याची वेगळी शिक्षा दे. मला वाटलं, घर सोडून जायची इच्छा होणं म्हणजे घरावर प्रेम नसणं." ते थांबले. "ही पोरगी माझे बूट धुते आणि मला वाटतं मी सगळं तपासतो. ऐक रे देवा."

मग त्यांनी स्टुलाचा दोरा सोडला. लाल पुठ्ठा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, एकदा दुमडला, दुसऱ्यांदा दुमडला. जाडी अंगठ्याने मोजली.

"अगं, जरा वजन उचल."

सासूबाई अर्ध्या उठल्या. त्यांनी तो पुठ्ठा आखूड पायाखाली सारला.

"बस आता."

त्या बसल्या. डावीकडे झुकल्या, उजवीकडे झुकल्या. स्टूल हललं नाही.

"एवढ्या वर्षांत हे सुचलं नाही होय?" सासूबाई म्हणाल्या.

"एवढ्या वर्षांत तुला त्यावर नुसतीच बसलेली मी कधी पाहिलंच नाही," ते जमिनीवरूनच म्हणाले. "मी नसतानाच बसायचीस ना."

मुंगीचा हात अजून वरच होता. दुखायला लागला होता, पण कोणी परवानगी दिल्याशिवाय काम पुन्हा सुरू करता येत नाही, हे तिला शिकवलेलं होतं.

"आजोबा," ती म्हणाली, "धोका गेला का?"

सासऱ्यांनी एका हाताने टेबलाची कड धरली आणि दुसरा हात सुनेपुढे केला. तिने तो घट्ट पकडला आणि त्यांना उभं केलं.

"विचार तुझ्या आईला," ते म्हणाले. "ह्या पाळीची साहेब ती आहे."